स्वच्छ पाण्याचा माणूस : जॉन टिंडाल

स्नो ग्लोब बहुतेकांनी पाहिलेला असतो. (बर्फाचा गोळा नव्हे बरं का, तो गाडीवर मिळतो!) काचेचा गोल, आत पाणी, पाण्यात एखादं इवलंसं घर नाहीतर झाड, आणि हलवलं की भुरभुर पडणारा पांढरा बर्फ. गॅदरिंगचे दिवस आले की होस्टेलवर हा प्रकार स्वतः बनवायची साथच येते. मेसमधून जॅमची रिकामी बरणी मागून आणायची, झाकणाला आतून एक खेळणं चिकटवायचं, पाणी आणि चमकी भरायची, की झालं बर्थडे गिफ्ट! पहिले आठ दिवस पाणी आरशासारखं दिसतं. पंधरा दिवसांनी त्याला दुधी झाक येते. महिन्याभराने घराच्या छपरावर काळपट लव उगवते आणि तळाशी गाळ बसतो.

झाकण घट्ट होतं. पाणी उकळून घेतलं होतं. मग ही घाण आत आली कुठून?

मित्रांनो, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. १८७० च्या दशकात लंडनमधले मोठमोठे शास्त्रज्ञ नेमक्या याच प्रश्नावरून एकमेकांशी हमरीतुमरीवर आले होते. त्या भांडणाचा निकाल लावण्यात ज्याचा मोठा वाटा होता, तो माणूस आपल्याला केमिस्ट्रीच्या पुस्तकातल्या एका ओळीपुरता माहीत असतो. कोलॉइडमधून प्रकाश गेला की त्याचा मार्ग दिसतो, याला टिंडाल परिणाम म्हणतात. दोन मार्क. पुढचा प्रश्न. त्या दोन मार्कांच्या मागचा माणूस मात्र पाहण्यासारखा आहे.

सर्व्हेअर ते प्रोफेसर

जॉन टिंडाल १८२० साली आयर्लंडमधल्या कार्लो परगण्यात जन्मला. वडील पोलिसात होते. घरची परिस्थिती बेताची, पण मुलाचं गणित चांगलं होतं. त्या जोरावर १८३९ मध्ये त्याला सरकारी मोजणी खात्यात नकाशे काढायची नोकरी मिळाली. १८४२ मध्ये खात्याने त्याला इंग्लंडला पाठवलं. तिथे कमी पगार आणि मनमानी वागणूक यांच्याविरुद्ध त्याने आणि काही सहकाऱ्यांनी तक्रार केली. परिणाम ठरलेला. १८४३ मध्ये नोकरी गेली.

पण इंग्लंडात तेव्हा रेल्वेचं वेड शिगेला पोचलं होतं आणि थिओडोलाइट हाताळता येणाऱ्या माणसाला मागणी होती. टिंडाल रेल्वेच्या लाइनींचा सर्व्हे करू लागला. म्हणजे हा गडी मुळात आपल्या सिव्हिलवाल्यांचा! पुढे १८४७ मध्ये तो हॅम्पशरमधल्या क्वीनवुड कॉलेजात गणित आणि सर्व्हेइंग शिकवायला लागला. तिथे एडवर्ड फ्रँकलंड नावाचा केमिस्ट्रीचा तरुण मास्तर भेटला. दोघांनाही कळलं होतं की खरं विज्ञान शिकायचं तर जर्मनी गाठायला हवी. १८४८ मध्ये साठवलेले पैसे घेऊन दोघे मारबुर्गला गेले. तिथे बुन्सेन शिकवत होता, हो, लॅबमधल्या बर्नरवाला बुन्सेनच. टिंडालने अफाट मेहनत करून दोन वर्षांच्या आत, १८५० मध्ये, डॉक्टरेट मिळवली. विषय होता स्क्रूच्या पृष्ठभागाची भूमिती. ड्रॉइंगच्या तासाला हेलिक्स काढताना वैतागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

१८५३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याचं एक व्याख्यान गाजलं आणि त्याच वर्षी तो तिथे प्रोफेसर झाला. फॅरेडे तिथेच होता. फॅरेडेचं वय वाढत गेलं तसा टिंडाल त्याचा जवळचा सहकारी झाला, आणि १८६७ मध्ये फॅरेडे गेल्यावर त्याच्या जागी आला. अवघड गोष्ट प्रयोगातून दाखवणं यात दोघेही पटाईत होते. १८५४ मध्ये टिंडालने भांड्यातून पडणाऱ्या पाण्याच्या वाकड्या धारेतून प्रकाशही वाकत जातो हे लोकांसमोर दाखवलं. ऑप्टिकल फायबर शिकवताना हा प्रयोग अजूनही सांगितला जातो.

आणि याला खऱ्या बर्फाचंही वेड होतं. १८५६ मध्ये मित्र हक्स्लीबरोबर तो आल्प्समधल्या हिमनद्या बघायला गेला आणि मग दर उन्हाळ्यात जातच राहिला. हिमनदी किती सरकते हे त्याने थिओडोलाइट लावून मोजलं. १८६१ मध्ये वाइसहॉर्न या शिखरावर पोचलेल्या पहिल्या तुकडीत तो होता. १८५९ पासून त्याने वायू उष्णता किती शोषतात हे मोजायला घेतलं. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतात, नायट्रोजन आणि ऑक्सिजन जवळजवळ अडवत नाहीत, हे त्यातून निघालं. (कार्बन डायऑक्साइड उन्हात जास्त तापतो हे अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी १८५६ मध्येच दाखवलं होतं, त्यांचं नाव पुढे शंभराहून जास्त वर्षं कुणी घेतलं नाही.) एवढ्यावर दुसरा कुणी समाधानाने रिटायर झाला असता.

उजेडात दिसलेली धूळ

१८६८ च्या सुमारास टिंडाल काचेच्या नळीत निरनिराळ्या वाफा भरून त्यांच्यावर प्रकाशाचा झोत टाकत होता. त्याला नळीत पूर्ण स्वच्छ हवा हवी होती. त्याने हवा सल्फ्युरिक ॲसिडमधून आणि कॉस्टिक पोटॅशमधून सोडली. तरी झोत टाकला की धूळ चमकतच होती. शेवटी त्याने हवा स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवरून नेली. धूळ गायब! जी धूळ जळून जाते ती माती-वाळूची असूच शकत नाही. म्हणजे आपल्या खोलीत तरंगणारी बरीचशी धूळ सेंद्रिय होती. टिंडालला स्वतःलाच याचा धक्का बसला, कारण तोवर तोही धूळ म्हणजे माती असंच समजत होता.

जानेवारी १८७० मध्ये त्याने धूळ आणि रोग या विषयावर व्याख्यान दिलं. फ्रान्समध्ये पाश्चरने दाखवलं होतं की कुजणं हे हवेतल्या सूक्ष्म जीवांचं काम आहे. ब्रिटनमध्ये लिस्टर १८६७ पासून जखमांवर कार्बोलिक ॲसिड वापरा म्हणून कानीकपाळी ओरडत होता. ऑपरेशन नीट व्हायचं आणि नंतर जखम सडून माणूस मरायचा, हे तेव्हाच्या हॉस्पिटलांत रोजचं होतं. पण बऱ्याच डॉक्टरांना ही जंतूंची गोष्ट पटत नव्हती. लंडनचा डॉक्टर हेन्री चार्ल्टन बास्टियन तर उघड विरोधात उभा राहिला. त्याचं म्हणणं, उकळून बंद केलेल्या काढ्यातही जीव आपोआप तयार होतात. आणि तो हवेत बोलत नव्हता. त्याच्या उकळलेल्या, बंद केलेल्या बाटल्या खरोखर गढूळ होत होत्या.

म्हणजे आपल्या बरणीचाच प्रश्न. बंद पाण्यात घाण येते, ती बाहेरून आली की आतच जन्मली? ती आतच जन्मत असेल तर जखम झाकून, हत्यारं धुऊन काही उपयोग नाही. बाहेरून येत असेल तर माणसं वाचवता येतात.

ग्लिसरीनची पेटी

१८७५ मध्ये टिंडालने एक लाकडी पेटी बनवली. पुढे काच, दोन बाजूंना प्रकाशाचा झोत आरपार जावा म्हणून खिडक्या. तळातून टेस्ट ट्यूब बसवलेल्या, त्यांची तोंडं पेटीच्या आत. वरून काढा ओतायला एक लांब पिपेट. हवेचा दाब सारखा राहावा म्हणून वेड्यावाकड्या बारीक नळ्या, ज्यांच्या वळणांत धूळ अडकावी. आणि पेटीला आतून सगळीकडे ग्लिसरीन फासलेलं. (तेच ग्लिसरीन, जे आपण बर्फ हळू पडावा म्हणून बरणीत घालतो.) पेटी काही दिवस नुसती ठेवून द्यायची. धूळ खाली बसते, ग्लिसरीनला चिकटते. मग अंधारात झोत टाकायचा. बाहेरच्या हवेत झोत लख्ख दिसतो, पेटीत शिरताच नाहीसा होतो, पलीकडे पुन्हा दिसतो. आत प्रकाश आहे, पण त्याला विखुरणारं काही उरलेलं नाही. पेटी स्वच्छ झाली की नाही, हे ठरवायची ही त्याची कसोटी.

मग त्याने मटण, मासे, सलगम, गवत अशा नाना पदार्थांचे काढे आत ओतले आणि पाच मिनिटं उकळले. ते काढे महिनोन्महिने नितळ राहिले. शेजारीच उघड्या हवेत ठेवलेल्या त्याच काढ्यांचा काही दिवसांत वास सुटला. काही नळ्यांत पेनिसिलियम बुरशीचा जाड थर आला, तेव्हा त्याखालचे जीवाणू हरतात हेही त्याने टिपून ठेवलं. फ्लेमिंगचं पेनिसिलिन यायला अजून ५२ वर्षं होती. जानेवारी १८७६ मध्ये त्याने हे सगळं रॉयल सोसायटीपुढे मांडलं. बास्टियन हरला, असं सगळ्यांना वाटलं.

जेव्हा प्रयोग उलटला

खरी गोष्ट इथून पुढे आहे. १८७६ च्या शरद ऋतूत टिंडालने तेच प्रयोग पुन्हा केले आणि ते फसायला लागले. तीच पेटी, तेच उकळणं, तोच माणूस. तरी गवताचा काढा गढूळ व्हायला लागला. मग काकडीचा. मग असे काढे, जे आदल्या वर्षी कधीच बिघडले नव्हते. उकळायची वेळ वाढवली तरी काही नमुने सडतच होते.

जरा त्याच्या जागी उभं राहून पाहा. वर्षभरापूर्वी भर सभेत निकाल जाहीर केलेला. विरोधक टपून बसलेला. आणि आता स्वतःच्याच बाटल्या विरोधकाच्या बाजूने साक्ष देताहेत. आपल्यापैकी कितीतरी जण अशा वेळी आदल्या बॅचच्या जर्नलमधून रीडिंग उतरवतात. टिंडालने फसलेल्या नळ्यांच्या नोंदी तितक्याच काळजीने ठेवल्या आणि कारण शोधायला बसला.

कारण लॅबमध्येच होतं. प्रयोगासाठी जुन्या वाळलेल्या गवताच्या पेंढ्या आणल्या होत्या. ताज्या गवताचा काढा लवकर निर्जंतुक होत होता, जुन्याचा काही केल्या होत नव्हता. त्या पेंढ्यांची धूळ सगळ्या इमारतीत पसरली होती. त्याने आपलं बिऱ्हाड क्यू गार्डनमधल्या नव्याकोऱ्या जॉड्रेल प्रयोगशाळेत हलवलं. तिथल्या स्वच्छ हवेत प्रयोग पुन्हा यशस्वी झाले.

मग त्याने विचार केला तो असा. काही जीवाणू वाळल्यावर कडक बीसारखे होतात, त्यांना आपण बीजाणू म्हणतो. आपण कडक वाल भिजत घालतो, तसंच. भिजून मऊ होईपर्यंत उकळत्या पाण्याचंही त्यांच्यापुढे काही चालत नाही. पण मऊ झाले, उगवायला लागले, की एका मिनिटात मरतात. आणि सगळे एकाच वेळी मऊ होत नाहीत. म्हणून त्याने काढा थोडा वेळ उकळला आणि उबेत ठेवून दिला. बारा तासांनी पुन्हा थोडा वेळ उकळला. मग पुन्हा. दर वेळी मधल्या काळात मऊ पडलेले जीवाणू, त्यांनी नवे बीजाणू तयार करायच्या आत, मारले गेले. सलग कित्येक तास उकळून जे साधलं नव्हतं ते तुकड्यातुकड्याने मिळून काही मिनिटांत साधलं. फेब्रुवारी १८७७ मध्ये ही पद्धत त्याने जाहीर केली. तिला पुढे टिंडालायझेशन असं नाव पडलं. जर्मनीत फर्डिनांड कोन यानेही १८७६ मध्ये स्वतंत्रपणे असे उष्णतेला न जुमानणारे बीजाणू दाखवले होते. बास्टियनच्या बाटल्या का गढूळ होत होत्या, याचं उत्तर मिळालं. बास्टियन खोटं बोलत नव्हता. त्याच्या बाटल्यांत आधीचेच जीव शिल्लक राहत होते.

त्याच उन्हाळ्यात टिंडालने काढे भरून वितळलेल्या काचेने बंद केलेल्या ६० कुप्या स्वित्झर्लंडमध्ये बेलआल्पला नेल्या, २००० मीटरहून उंच. वाटेत सहा कुप्यांची टोकं मोडली होती. गढूळ झाल्या त्या नेमक्या त्या सहाच. उरलेल्यांपैकी २३ त्याने गवताच्या माळ्यावर उघडल्या आणि २७ हिमनदीवरच्या कड्यावर, मोकळ्या वाऱ्यात. मग सगळ्या स्वयंपाकघराच्या उबेत ठेवल्या. माळ्यावरच्या २३ पैकी २१ सडल्या. कड्यावरच्या २७ पैकी एकही नाही.

शेवटची वर्षं

१८७२-७३ मध्ये त्याने अमेरिकेत व्याख्यानं दिली आणि त्यातून उरलेला सगळा पैसा तिथल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकला. १८७६ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्याने लुइझा हॅमिल्टनशी लग्न केलं. ती लॅबच्या कामातही त्याला मदत करायची. १८८७ मध्ये तब्येतीमुळे तो निवृत्त झाला. झोप ही त्याची जन्मभराची दुखणी गोष्ट होती. त्यासाठी तो क्लोरल घ्यायचा आणि पोटासाठी मॅग्नेशिया. ४ डिसेंबर १८९३ ला लुइझाने चुकून मॅग्नेशियाच्या जागी क्लोरलचा मोठा डोस दिला. त्याच दिवशी तो गेला. ती त्याच्यानंतर ४७ वर्षं जगली. त्याचं चरित्र लिहायचं म्हणून कागद गोळा करत राहिली, पण ते तिच्या हातून पूर्ण झालं नाही. ते १९४५ मध्ये दुसऱ्यांनी लिहून छापलं.

आणि आपली बरणी?

टिंडाल गेल्यावर सात वर्षांनी, १९०० च्या सुमारास, व्हिएन्नातला शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारा कारागीर एर्विन पेर्झी सर्जनसाठी जास्त उजेड मिळवायच्या खटपटीत होता. त्याने पाणी भरलेल्या काचेच्या गोलात उजेड परतवायला निरनिराळी पूड टाकून पाहिली, त्यात रवाही टाकला. उजेड काही वाढला नाही, पण रवा बर्फासारखा भुरभुरत खाली आला. त्यातून त्याचा स्नो ग्लोब जन्मला. पुढे त्या घराण्याने बर्फाचं स्वतःचं गुपित मिश्रण बनवलं. आपणही रवा घालू नये, कारण रवा म्हणजे बुरशीला वाढलेलं ताट.

इथे टिंडालचं एक बारकं गणित लक्षात घ्यायला हवं. त्याची तीनदा उकळायची युक्ती चालते कारण काढ्यात खायला भरपूर असतं, म्हणून बीजाणू उगवतात आणि मरतात. नुसत्या शुद्ध पाण्यात ते उगवतच नाहीत, नुसते पडून राहतात. मग एक दिवस खाणं मिळालं की जागे होतात. म्हणून बरणीच्या बाबतीत उकळण्याइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे आत खाणं जाऊ न देणं.

पाणी नळाचं किंवा टाकीचं घेऊ नका, त्यातला क्षार पुढे पांढरा दिसतो. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या आणि तेही उकळून घ्या. बरणी साबणाने धुऊन, गार पाण्यात ठेवून हळूहळू तापवा आणि दहा मिनिटं उकळा. एकदम गरम पाणी ओतलंत तर काच तडकेल. खेळणं प्लॅस्टिकचं किंवा चकाकी दिलेल्या चिनी मातीचं असावं. लाकूड, कागद, शाडू, कापूस, खोबरं, साबुदाणा काही नको. लोखंड गंजतं. बर्फासाठी प्लॅस्टिकची चमकी पुरते, थर्माकोल वर तरंगतो. ग्लिसरीन मेडिकलवर मिळतं, दोन-तीन चमचे बस. थोडं ग्लिसरीन पाणी टिकवत नाही, उलट काही जंतूंना ते खाऊच आहे, म्हणून बाटली नवी असावी. खेळणं इपॉक्सीने चिकटवा आणि पूर्ण एक दिवस सुकू द्या. पाणी काठोकाठ भरा, झाकणाच्या आट्यांवर इपॉक्सी लावून बंद करा. हे सगळं धूळ बसलेली असताना करा, पंखा बंद करून. आणि बरणी उन्हात ठेवू नका. शेवाळाला ऊन हवंच असतं, शिवाय पाण्याने भरलेला गोल भिंगाचं काम करून पडदाही पेटवू शकतो.

गिफ्ट देण्याआधी आठवडाभर बरणी कपाटात ठेवा. मग रात्री खोलीतला दिवा बंद करा, बरणी न हलवता चमकी खाली बसू द्या, आणि बाजूने बारीक टॉर्च मारा. पाण्यात उजेडाचा पट्टा ठळक दिसला तर ती बरणी देऊ नका. डोळ्यांना पाणी नितळ दिसत असलं तरी त्यात काहीतरी तरंगतंय. झाकण उघडा आणि कारण शोधा.